पहिल्या हंगामाचे आकडे

जालना शहरात आणि अंबड, भोकरदन, परतूर या बाजूच्या गावांतून येणाऱ्या मुलांना वेगवान गोलंदाजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या काळात मुलांविषयी जेवढं शिकलो, तेवढंच मुलांकडे बघणाऱ्यांविषयी शिकलो. पोरगा वरच्या संघात गेला की त्याच्या पहिल्या हंगामाचे आकडे येईपर्यंत सगळे वाट बघतात आणि आकडे आले की निकाल लावून मोकळे होतात. विकेटा पडल्या असतील तर तो आता इंडिया खेळणार. मार पडला असेल तर गावापुरताच होता, पुढं दम नव्हता. हा निकाल लावण्यात घरचे असतात, संघटनेचे पदाधिकारी असतात, चहाच्या टपरीवरचे तर असतातच. गंमत अशी, की याच जिल्ह्यात मोसंबीची कलमं लावणारा माणूस चार-पाच वर्षं बहार धरत नाही, आधी झाड अंगानं भरू देतो. पण पोराच्या गोलंदाजीचा हिशोब त्याला सहा महिन्यांत चुकता हवा असतो. माझं मत या घाईच्या विरुद्ध आहे. नव्या पातळीवरच्या पहिल्या हंगामाचे आकडे गोलंदाजाच्या गुणवत्तेविषयी फार थोडं सांगतात, ते चांगले असले तरी आणि वाईट असले तरी. त्या हंगामात त्याच्यात काय बदललं ते बघायचं असतं, आणि ते बहुधा दुसऱ्या हंगामात दिसतं.

बदल म्हणजे नेमकं काय, ते हातातल्या चेंडूपासून बघू. आपल्याकडचा बहुतेक मुलगा टेनिस बॉलवर वाढलेला असतो. गावोगावच्या स्पर्धा त्याच चेंडूवर होतात, रोख बक्षिसंही त्यातच असतात. साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्या आत भरतो. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅम. हलक्या चेंडूला वेग द्यायला हाताचा झटका पुरतो. कंबर, पाठ, पुढचा पाय यांनी अंगचोरी केली तरी चालून जातं. तोच मुलगा लेदर बॉल घेऊन धावत येतो तेव्हा एक चेंडू लेगला वाइड जातो, दुसरा फुलटॉस पडतो, तिसरा थेट यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून. दोन बोटं शिवणीच्या दोन्ही अंगांना ठेव, अंगठा खालून टेकव असं सांगितलं की तो चेंडू इतका आवळून धरतो की मनगट हलतच नाही. पंधरा दिवसांत खांदा बोलायला लागतो, कारण झटका जुनाच आणि वजन अडीच पटीहून जास्त. मग मॅटचा प्रश्न. मॅटवर चेंडू उसळतो, आखूड टप्पा खपून जातो, यष्टिरक्षक चेंडू छातीजवळ घेतो आणि गोलंदाजाला वाटतं आपल्याकडे लई वेग आहे. टर्फवर, त्यातही काळ्या मातीच्या संथ खेळपट्टीवर, तोच टप्पा फलंदाजाच्या कमरेशी येऊन जणू थांबतो आणि मिडविकेटच्या बाहेर जातो. पायात पहिल्यांदा स्पाइक्स आले की पुढचा पाय आपटताना मातीत रुततो. मॅटवर तो थोडा सरकायचा. गुडघ्याला हे नवीन असतं. या कशाचाही गुणवत्तेशी संबंध नाही, पण धावफलकात हे सगळं दिलेल्या धावांच्या एकाच रकान्यात जमा होतं.

हे फक्त मराठवाड्यातल्या गैरसोयींचं गाऱ्हाणं आहे असं कुणाला वाटेल, तर त्यानं जपानकडे बघावं. तिथला व्यावसायिक बेसबॉल श्रीमंत आहे, शिस्तीचा आहे, आणि तिथले पिचर, म्हणजे त्या खेळातले गोलंदाज, जगात नावाजलेले आहेत. तरी अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये गेल्यावर त्यांनाही हेच प्रश्न पडतात. जपानचा चेंडू बोटांना धरून राहतो. अमेरिकेतला गुळगुळीत, इतका की सामन्याआधी त्याला खास चिखल चोळावा लागतो. ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकायचा त्याची माती जपानमध्ये मऊ, अमेरिकेत टणक. जपानमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर साधारण आठवड्यातून एकदा उतरतो; अमेरिकेत हंगाम १६२ सामन्यांचा, पाचव्या दिवशी पुन्हा पाळी, आणि मधल्या दिवसांत विमानं आणि बदलती घड्याळं. योशिनोबु यामामोतो या सगळ्यातून गेला तो २०२४ मध्ये. जपानमधल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा सावामुरा पुरस्कार त्यानं २०२१ ते २०२३ सलग तीन वर्षं घेतला होता, आणि लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याच्याशी बारा वर्षांचा साडेबत्तीस कोटी डॉलरचा करार केला होता. २१ मार्चला सोलमध्ये त्याचा पहिला सामना झाला. एक डाव, ४३ चेंडू, पाच धावा, आणि तो बाहेर. जूनमध्ये खांदा दुखावला आणि जवळजवळ तीन महिने गेले. हंगामाअखेरचा हिशोब १८ सामने, ९० डाव, सात विजय, दोन पराभव, नऊ डावांमागे तीन धावा असा निघाला. एवढ्या पैशांच्या मानानं हे आकडे ना धड वर नेणारे, ना धड बुडवणारे. पण ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात त्यानं सहा डावांहून जास्त वेळ टाकून यांकीजना एकच हिट दिला. २०२५ च्या दुसऱ्या हंगामात ३० सामन्यांची सुरुवात त्यानं केली, सरासरी २.४९ वर आली, आणि वर्ल्ड सिरीजमधले तीन विजय एकट्याच्या नावावर लागले. त्यांतला शेवटचा तर आदल्या दिवशी सहा डाव टाकून झाल्यावर. सोलच्या त्या एका डावावरून त्याचा निकाल लावणारे तेव्हा कमी नव्हते.

आपल्याकडचं याला सगळ्यात जवळचं उदाहरण मला श्रीरामपूरच्या झहीर खानचं वाटतं. २००६ मध्ये तो भारतीय संघाबाहेर होता आणि इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला. सहा वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळलेला माणूस, पण काउंटीत नवा. तिथला चेंडू ड्यूक्सचा, शिवण टिकून राहणारी. हवा गार, मैदानं ओली, आणि सामन्यांची रांग अशी की आजचा संपला की उद्या दुसऱ्या गावी. त्या हंगामात त्यानं ७८ बळी घेतले. इथं वाचक म्हणेल, मग तुमचं म्हणणं पडलं. पहिल्याच हंगामात आकडे बोलले की. बोलले, पण त्या ७८ बळींवर निवड समिती, वर्तमानपत्रं आणि आपण सगळे किती भाळलो होतो हे आठवून बघा. काउंटीतले बळी ते काउंटीतले, असंच बहुतेकांचं मत होतं. त्या हंगामानं झहीरला आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट दिली ती म्हणजे षटकं. एवढी षटकं टाकायची तर लांबलचक धाव परवडत नाही, म्हणून धाव आखडली. दररोज टाकायचं तर प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीनं टाकता येत नाही, म्हणून मनगट आणि शिवण कामाला आली. याची पावती पुढच्या वर्षी नॉटिंगहॅमला मिळाली. २००७ च्या त्या कसोटीत त्यानं पहिल्या डावात चार आणि दुसऱ्यात पाच बळी घेतले, भारत जिंकला, आणि १९८६ नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये मालिका हातात आली. त्याच कसोटीत तो फलंदाजी करताना खेळपट्टीवर टाकलेल्या जेली बीन्सचा किस्सा लोकांना आठवतो आणि राग आल्यामुळे तो पेटला असं सांगायला सोपं जातं. रागानं चेंडू दोन्ही बाजूंना स्विंग होत नाही. ते आदल्या उन्हाळ्यात वूस्टरला मुरलेलं होतं.

आता एकाच सामन्याकडे बघू, कारण त्यात माझा सगळा मुद्दा आला आहे. ३१ मार्च २०२३, अहमदाबाद, आयपीएलचा पहिला सामना, चेन्नई विरुद्ध गुजरात. चेन्नईकडून तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर पहिल्यांदा आयपीएल खेळत होता. २०२२ ची एकोणीस वर्षांखालची विश्वचषक स्पर्धा जिंकून आलेला, लिलावात दीड कोटींना घेतलेला, आणि पहिला सबंध हंगाम बाकावर बसलेला मुलगा. त्यानं ३६ धावांत तीन बळी घेतले. त्याच सामन्यात कल्याणचा तुषार देशपांडे नव्या नियमाचा पहिला इम्पॅक्ट प्लेअर म्हणून उतरला आणि त्याच्या ३.२ षटकांत ५१ धावा गेल्या. त्या रात्री मराठवाड्यात काय चर्चा झाली असेल ते वेगळं सांगायला नको. आणि तुषारविषयी काय बोललं गेलं तेही. हंगाम संपला तेव्हा तुषारच्या नावावर २१ बळी होते, चेन्नई विजेती होती, आणि राजवर्धनला त्या हंगामात एकूण दोनच सामने मिळाले होते. इथं एकाचं कौतुक आणि दुसऱ्याला नावं असं मला करायचं नाही. तुषारचा आयपीएलमधला खरा पहिला हंगाम २०२० चा, दिल्लीकडून, आणि तो मार खाण्यात गेला होता. त्या हंगामावर त्याची फाइल बंद केली असती तर २०२३ ही झालं नसतं आणि २०२४ मध्ये हरारेला भारताकडून पदार्पणही झालं नसतं. राजवर्धनला दुसरी, तिसरी पाळी सलग मिळाली असती तर काय झालं असतं, ते आपल्याला कधीच कळणार नाही. घाईच्या निकालाचं नुकसान हेच, की ते मोजताही येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. खरी गुणवत्ता असेल तर ती पहिल्याच वर्षी दिसते, हिदेओ नोमो बघा. नोमो १९९५ मध्ये जपानहून डॉजर्सकडे आला, १३ सामने जिंकला, २३६ फलंदाज बाद केले आणि वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. बरोबर. पण नोमो चेंडू टाकताना पाठ पूर्ण फलंदाजाकडे वळवायचा, मग गिरकी घेऊन हात सोडायचा. अमेरिकन फलंदाजांनी तसं कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या हंगामात गोलंदाजाला फलंदाज नवे असतात, तसा फलंदाजांनाही तो नवा असतो, हे आपण विसरतो. दोन वर्षांत त्यांनी त्याला वाचलं; १९९७ मध्ये त्याची सरासरी सव्वाचारवर गेली आणि १९९८ मध्ये डॉजर्सनी त्याला सोडलं. पुढे २००१ मध्ये बोस्टनकडून एकही हिट न देता त्यानं सबंध सामना टाकला, म्हणजे माणूस संपला नव्हताच. पहिल्या वर्षीच्या कौतुकानं आणि चौथ्या वर्षीच्या निकालानं, दोन्हींनी त्याला चुकीचं मापलं. आपल्याकडे महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या मुकेश चौधरीनं २०२२ मध्ये चेन्नईसाठी पहिल्याच हंगामात १६ बळी घेतले आणि पुढचा हंगाम दुखापतीनं खाल्ला. चांगला पहिला हंगाम शरीराकडून उसनवारी करून आलेला असू शकतो. शाळकरी वयात, १९९८ मध्ये, जपानच्या कोशिएन या शालेय स्पर्धेत दाइसुके मात्सुझाकानं एका सामन्यात १७ डाव आणि २५० चेंडू टाकले तेव्हा सारा देश वेडा झाला होता. अमेरिकेत त्याची पहिली दोन वर्षं यशाची गेली, दुसऱ्या वर्षी तर १८ विजय आणि तीनच पराभव. मग खांदा, मग कोपराची शस्त्रक्रिया. याचा संबंध त्या २५० चेंडूंशी जोडता येईल असं मी म्हणत नाही, तेवढा पुरावा नाही. पण जिल्ह्याच्या स्पर्धेत शनिवारी-रविवारी मिळून तीन-तीन सामने एकाच पोरावर काढणाऱ्या संघचालकांना मी हे नाव जरूर सांगतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. आयपीएल हा बाजार आहे, मेजर लीग हा त्याहून मोठा बाजार; कोटी मोजणारा मालक धीर कशाला धरेल? मला उलट दिसतं. ज्यानं साडेबत्तीस कोटी डॉलर गुंतवले त्यानंच यामामोतोला जास्तीचे विश्रांतीचे दिवस दिले, खांदा दुखला तेव्हा घाई केली नाही, आणि सप्टेंबरात परत आणून पुन्हा हळूहळू चेंडूंची संख्या वाढवली. मोठ्या पैशाला धीर धरणं परवडतं, कारण नुकसान त्याचंच असतं. धीर परवडत नाही तो खालच्या पातळीवर, जिथं मुलाला घेण्यात कुणाचा पैसाही गेलेला नाही आणि त्याला वगळण्यात कुणाचं काही जातही नाही. तिथं एका निवड चाचणीत नेटमध्ये टाकलेल्या सहा चेंडूंवर मुलगा आत किंवा बाहेर होतो. नव्या ठिकाणी रुळायला मिळणाऱ्या मदतीचंही तसंच. मेजर लीगनं तर २०१३ पासून दुभाष्याला सामना चालू असताना पिचरशी बोलायला मैदानावर जाण्याची परवानगी दिली आहे. आपला मुलगा पुण्याच्या शिबिरात जातो तेव्हा फिजिओ 'वर्कलोड', 'लँडिंग', 'साइड स्ट्रेन' असं बोलतो, मुलगा 'हो सर' म्हणतो आणि खोलीवर येऊन दुसऱ्याला विचारतो. त्याला कोण दुभाष्या देणार? भाकरीची सवय असलेल्याला मेसची पातळ पोळी पुरत नाही, इथपासून दमणूक सुरू होते. या गोष्टी किरकोळ वाटतात खऱ्या. पण तिसऱ्या स्पेलमध्ये पाय जड होतात तेव्हा त्या किरकोळ राहत नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण खोडता येत नाही. दुसऱ्या हंगामाची वाट बघायला घरची ताकद लागते. सोळा वर्षांखालचा मुलगा बघता बघता एकोणिसाचा होतो, वयोगट संपतो, बाप म्हणतो आता एमआयडीसीत लाग नाहीतर शेती बघ, आणि बापाचं चुकतं असं म्हणता येत नाही. धीर हा पैसेवाल्यांचा सद्गुण आहे असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. एवढंच म्हणतो, की त्या बापाला निर्णय घ्यायचाच असेल तर तो चुकीच्या कागदावर घेऊ नये. जालन्याला हे एका फलंदाजाच्या निमित्तानं अनुभवायला मिळालं. विजय झोलनं २०११-१२ च्या हंगामात कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि शहरानं मनातल्या मनात त्याला भारताची टोपी घालून टाकली. तो पुढे एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार झाला, जानेवारी २०१४ मध्ये शारजात पाकिस्तानविरुद्धच्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात शतक ठोकून संघाला जिंकून दिलं, रणजी पदार्पणात द्विशतक केलं. आयपीएलमध्ये बंगळुरूकडून मोजकी संधी मिळाली आणि वरिष्ठ संघाचं दार उघडलं नाही. तेव्हा ज्या तोंडांनी टोपी घातली होती त्याच तोंडांनी 'काही निघालं नाही' असं म्हटलं. मॅट आणि टेनिस बॉलच्या गावातून निघून देशाच्या युवा संघाचं नेतृत्व करणं याला 'काही नाही' म्हणायला माणूस फारच दूर उभा असावा लागतो. ४५१ हा आकडा खरा होता. त्यावर आपण रचलेला पुढचा सगळा हिशोब आपला होता.

म्हणून पहिल्या हंगामाहून परतलेल्या मुलाला मी विकेटा विचारत नाही. त्या त्याच्या मोबाइलमध्ये असतातच. विचारायचं ते वेगळं. जुन्या चेंडूनं किती ओव्हर टाकल्या? नो-बॉल पहिल्या स्पेलमध्ये पडले की शेवटच्या? दोन सामन्यांच्या मधे किती दिवस मिळाले? मार पडायला लागल्यावर कर्णधारानं चेंडू काढून घेतला, की तू स्वतःच डीप फाइन लेगला जाऊन उभा राहिलास? स्लोअर वन नेटमध्ये टाकतोस की सामन्यातही? आणि दुखत होतं ते सांगितलंस का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं, कारण सांगितलं की जागा जाते, हे त्याला प्रत्येकानं पढवलेलं असतं. या उत्तरांतून पुढच्या वर्षाचा अंदाज जेवढा येतो तेवढा सरासरीवरून येत नाही. जिल्ह्याच्या निवडीच्या फॉर्मवर सध्या धावा, बळी, सर्वोत्तम कामगिरी असे रकाने असतात. त्यात दर आठवड्याला टाकलेल्या षटकांचा आणि दुखापतीचा असे दोन रकाने वाढवायला एक ओळ जास्त छापावी लागेल. ते भरायला मात्र कुणीतरी हंगामभर वही घेऊन मैदानावर बसावं लागेल, आणि माझ्या अनुभवात घोडं पेंड खातं ते तिथंच.